चंद्र बघा, पण पाणी मातीला विचारून घाला

पत्र:

नमस्कार. माझ्या आत्याची बाग बघून कुणीही हरखून जावं अशी आहे. मी घरात झाडं ठेवायला लागले तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं चार पानं लिहून दिली. शुक्ल पक्षात पालेभाज्या आणि फुलझाडं पेरायची, कृष्ण पक्षात कंद आणि मुळं. चंद्र वाढत असताना भरपूर पाणी, उतरत असताना हात आखडता. छाटणी उतरत्या चंद्रात. अमावास्येच्या आगेमागे झाडाला हात लावायचा नाही. मी हे सगळं मनापासून पाळते. तरी पीस लिली पिवळी पडत चालली आहे, स्नेक प्लांटचा बुंधा मऊ झालाय आणि वाढत्या चंद्रात पेरलेले टोमॅटो नुसतेच उंच, काटकुळे झालेत. जास्वंदीच्या पानांमागे बारीक जाळी दिसली, पण अमावास्या जवळ आली म्हणून थांबले आहे. मनी प्लांट मात्र फोफावलाय. तो बाटलीत, नुसत्या पाण्यात आहे, म्हणून त्याला हे नियम लावले नाहीत. नवरा म्हणतो, सगळं थोतांड आहे, फेकून दे ती पानं. माझ्याच्यानं ते होत नाही. चंद्र सोडू का? आणि सोडला तर आत्याला काय सांगू?

उत्तर:

ताई, आधी जास्वंद. बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल.

पानांमागची बारीक जाळी म्हणजे जवळजवळ नक्कीच लाल कोळी. हा जीव इतका लहान असतो की नुसत्या डोळ्यांना हलणारा ठिपकाच दिसतो. पांढरा कागद पानाखाली धरून पान झटका. कागदावर ठिपके चालायला लागले तर खात्री झाली. गरम, कोरड्या हवेत त्याची एक पिढी आठवडा-दहा दिवसांत पुरी होते. तुम्ही अमावास्या टळेपर्यंत थांबलात, तर तेवढ्यात नवी पिढी अंडी घालायच्या तयारीला लागलेली असेल आणि शेजारच्या कुंड्यांवरही पोचलेली असेल. म्हणून आजच ती कुंडी इतर झाडांपासून लांब न्या. मातीवर प्लास्टिक बांधून झाड न्हाणीघरात आडवं धरा आणि पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. जी पानं पार निस्तेज, ठिपकेदार झाली आहेत ती काढून टाका. झाड निथळलं की झाडांसाठी मिळणारं कीटकनाशक साबणाचं द्रावण आधी एका पानावर मारून बघा. दुसऱ्या दिवशी ते पान ठीक असेल तर संध्याकाळी सगळ्या झाडावर फवारा, खालची बाजू पुरती ओली होईल असा. साबणानं अंडी मरत नाहीत. म्हणून पाच-सहा दिवसांच्या अंतरानं किमान तीनदा हे करावं लागतं, मध्ये चंद्र कुठलाही असो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे बाटलीतला मनी प्लांट. घरात तोच एक असा होता, ज्याला तुम्ही पंधरवडे लावले नाहीत. त्याचं पाणी कमी झालं की तुम्हाला काचेतून दिसलं आणि तुम्ही ते भरलंत. बाकीच्यांना पाणी मिळालं ते चंद्राकडे बघून. पीस लिली वाढत्या चंद्रात चिखलात बुडाली, उतरत्या चंद्रात कोरडी पडली. असा पंधरा दिवस पूर आणि पंधरा दिवस दुष्काळ कुठल्याच मुळांना झेपत नाही. पुरात मुळांना हवा मिळत नाही म्हणून त्यांची बारीक टोकं कुजतात. मग दुष्काळात जे थोडं पाणी असतं, तेही ओढायला टोकंच उरलेली नसतात. झाड कोमेजतं, आपल्याला वाटतं तहान लागली, आपण आणखी पाणी ओततो. घरातली झाडं कमी पाण्यापेक्षा जास्त पाण्यानं अधिक मरतात, आणि मरताना तहानलेली दिसतात. ही फसगत भल्याभल्यांची होते.

पीस लिलीला सतत किंचित ओल आवडते. बोट मातीत दोन-तीन सेंटीमीटर खुपसा. वरचा थर कोरडा लागला की कुंडीच्या तळातून पाणी निघेपर्यंत घाला आणि बशीत साचलेलं ओतून द्या. तहानली की ती पानं एकदम खाली टाकते आणि पाणी मिळालं की काही तासांत पुन्हा उभी राहते. म्हणजे ती स्वतःच सांगते, तुम्ही ऐकायला हवं. पिवळी झालेली जुनी पानं बुडापासून काढा, ती पुन्हा हिरवी होणार नाहीत. नवीन पान हिरवंगार येतंय का, त्यावर लक्ष ठेवा.

स्नेक प्लांटचं गणित उलटं. त्याची पानं पाणी साठवतात. शिवाय बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडतात, हा मात्र ती रात्री उघडतो, त्यामुळे त्याचं पाणी फार कमी उडतं. त्याची माती तळापर्यंत कोरडी होऊ द्यायची, मगच पाणी. हवा गरम आणि उजेड भरपूर असेल तर दोन-तीन आठवड्यांनी, थंड आणि अंधाऱ्या जागी महिना-सव्वा महिन्यानंही चालतं. तुमच्या झाडाचा बुंधा मऊ झालाय म्हणजे कूज लागली आहे. कुंडीतून काढा, माती झटका, मऊ आणि वास येणारा सगळा भाग स्वच्छ पात्यानं कापून टाका. जमिनीखालचा गड्डा कुठे टणक उरला असेल तर तो दोन-तीन दिवस सावलीत सुकवून नव्या, कोरड्या, वाळूमिश्रित मातीत लावा. गड्डा गेलाच असेल तर निरोगी पानाचे पाच ते आठ सेंटीमीटरचे तुकडे करा आणि काप सुकल्यावर मातीत खोचा. पानाची खालची बाजू खालीच राहायला हवी. तुकडा उलटा खोचला तर त्याला मुळं फुटत नाहीत, म्हणून कापतानाच खूण करून ठेवा. मुळं यायला कित्येक आठवडे लागतात, उपटून बघू नका. एक मात्र आधीच सांगते, पिवळ्या काठाची जात असेल तर पानाच्या तुकड्यापासून येणारी नवी रोपं साधी हिरवी येतात. तो पिवळा काठ फक्त गड्डा विभागूनच टिकतो.

टोमॅटो काटकुळे होण्याचं कारण उजेड. रोप उजेडाच्या शोधात खोड ताणत जातं, बाकी काही नाही. ते घरातल्या सर्वांत उजळ खिडकीशी न्या किंवा रोपांच्या दिव्याखाली दिवसाचे चौदा-सोळा तास ठेवा, दिवा जवळ असू द्या. पुनर्लागण करताना पहिल्या दोन पानांच्याही वरपर्यंत खोड मातीत गाडा. टोमॅटोच्या गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात, त्यामुळे लांबलेलं रोप वाया जात नाही.

आता चंद्र. त्याचं नातं मनाशी आहे आणि आत्यांशीही, म्हणून इथे मी नवऱ्याच्या बाजूनं किंवा आत्यांच्या बाजूनं बोलणार नाही. जे माहीत आहे ते सांगते.

चंद्र वाढताना रस वर चढतो आणि उतरताना मुळांकडे जातो, ही समजूत फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी यानं नोंदवून ठेवलंय की जे कापायचं, तोडायचं, छाटायचं ते उतरत्या चंद्रात केलं तर कमी अपाय होतो. तुमच्या आत्यांच्या पानावरचा छाटणीचा नियम जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे. विसाव्या शतकात त्याला नवी फांदी फुटली. १९२४ मध्ये ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी शेतीवर व्याख्यानं दिली, त्यातून बायोडायनॅमिक शेती, म्हणजे रसायनांशिवाय आणि चंद्र-ग्रहांचा मेळ घालून केलेली शेती, उभी राहिली. पुढे जर्मनीत मारिया थून यांनी १९६३ पासून पेरणीचं पंचांग काढायला सुरुवात केली. चंद्र कुठल्या राशीसमोर आहे त्यावरून त्यात मुळांचे, पानांचे, फुलांचे आणि फळांचे दिवस ठरतात.

इथेच पहिली अडचण येते. चंद्राच्या कला साडेएकोणतीस दिवसांत फिरतात, राशींमधून त्याचं चक्र सव्वासत्तावीस दिवसांत पुरं होतं. काही पद्धती कलांवर चालतात, काही राशींवर, काही आकाशातल्या त्याच्या चढत्या-उतरत्या मार्गावर. ही चक्रं एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच दिवशी एक पंचांग म्हणतं मुळा लावा आणि दुसरं म्हणतं लावू नका. दोघांचं समाधान होईल असा दिवस शोधत बसलात तर महिन्यात पेरायला फार थोडे दिवस उरतील. शिवाय पृथ्वीवर सगळीकडे एकाच दिवशी पौर्णिमा असते, पण उत्तर गोलार्धात मार्चमध्ये वसंत असतो तेव्हा दक्षिणेत शरद. तोच वाढता चंद्र एका ठिकाणी टोमॅटो पेरायला सांगेल, तर दुसऱ्या ठिकाणी त्या वेळी टोमॅटोचा हंगाम संपत आलेला असेल. बी उगवतं ते मातीच्या उबेवर, ओलीवर आणि हवेवर. काही बियांना, जसं लेट्यूस आणि पेटुनिया, वर उजेडही लागतो.

दुसरी अडचण भरती-ओहोटीची. चंद्र समुद्र ओढतो, मग कुंडीतलं पाणी का नाही ओढणार, असा प्रश्न बहुतेकांना पडतो आणि तो रास्त आहे. भरती येते ती चंद्राच्या ओढीतल्या फरकामुळे. पृथ्वीची जी बाजू चंद्राजवळ असते तिच्यावर ओढ जास्त, लांबच्या बाजूवर कमी. हा फरक जाणवायला हजारो किलोमीटरचा पसारा लागतो. उत्तर अमेरिकेतली महासरोवरं एवढी विस्तीर्ण असूनही त्यांच्यातली भरती पाच सेंटीमीटरच्या आत राहते. चंद्राचं हे भरतीचं बल पृथ्वीच्या स्वतःच्या गुरुत्वाच्या साधारण एक कोटीव्या भागाएवढं आहे, आणि वीतभर कुंडीच्या वरच्या आणि खालच्या टोकात त्याचा जो फरक पडेल तो त्याहूनही नगण्य. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मोठी भरती पौर्णिमेला येते तशीच अमावास्येलाही येते, कारण दोन्ही वेळा सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत असतात. म्हणजे ओढ हेच कारण असेल तर अमावास्या आणि पौर्णिमा झाडासाठी सारख्याच असायला हव्यात. नियमात मात्र त्या अगदी विरुद्ध टोकांना आहेत.

झाडात पाणी चढतं ते पानांमुळे. पानांतून वाफ उडते आणि वरून ओढलेल्या पाण्याचा अखंड धागा मुळांपर्यंत ताणला जातो. याच ताणावर शंभर मीटरहून उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत पाणी पोचतं. ही ओढ ऊन, वारा आणि हवेतला दमटपणा यांवर तासातासाला बदलते. भर उन्हात खिडकीतलं झाड आणि ढगाळ दिवशीचं तेच झाड, यांच्या तहानेत जो फरक असतो त्यापुढे पंधरवड्याचा विचार टिकत नाही.

उजेडाचंही तसंच. पौर्णिमेचा चंद्र अगदी डोक्यावर आला तरी त्याचा प्रकाश पाव लक्सच्या आसपास (लक्स हे उजेड मोजायचं एकक). भर दुपारचं ऊन एक लाख लक्स. म्हणजे चांदणं उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या भागाएवढं. त्यानं पानात अन्न तयार होत नाही. पण झाडाला रात्रीची लांबी कळते, आणि आपण ती कशानं बिघडवतो ते सांगते. कलांचो, पॉइन्सेटिया, शेवंती ही झाडं रात्र मोठी झाली की फुलतात. पॉइन्सेटियाला सलग चौदा तासांच्या आसपास गडद अंधार, असे आठेक आठवडे, लागतात. तुमच्या बैठकीच्या खोलीत संध्याकाळी दिवा लावला की तिथे शंभर-दोनशे लक्स असतात, चांदण्याच्या कित्येक शेकडो पट. कलांचो फुलत नसेल तर त्याच्यावर सूर्यास्तापासून सकाळपर्यंत जाड पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला. खिडकीबाहेरचा रस्त्यावरचा दिवाही विसरू नका.

मग निसर्गात चंद्राचं काहीच चालत नाही का? चालतं, आणि ते सुंदर आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरची प्रवाळं वर्षातून ठरावीक वेळी, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, एकाच वेळी अंडी आणि शुक्रपेशी पाण्यात सोडतात. २०१५ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी एफेड्रा या झुडपाबद्दल लिहिलं की ते जुलैच्या पौर्णिमेच्या सुमाराला परागणाचे गोड थेंब बाहेर काढतं, आणि चांदण्यात चमकणाऱ्या त्या थेंबांकडे निशाचर कीटक येतात. १९९८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत असाही दावा आला की अंधारात ठेवलेल्या झाडांच्या खोडांची जाडी भरतीच्या तालात अत्यंत सूक्ष्म फुगते आणि आकसते, दोनच वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी त्याला आव्हान दिलं. हा दावा खरा धरला तरी तो ताल बारा-साडेबारा तासांचा आहे, शुक्ल-कृष्ण पक्षाचा नव्हे. २०२० मध्ये स्पेनमधल्या वालेन्सिया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी या विषयावरचं भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र दोन्ही बाजूंनी तपासलं. चंद्रकला आणि पिकांची वाढ यांचा विश्वासार्ह संबंध त्यांना सापडला नाही.

तर चंद्र सोडायचा का? पूर्ण नाही. आत्यांच्या नियमांत दोन प्रकारची कामं एकत्र झाली आहेत, ती वेगळी करा. काही कामं आठ-दहा दिवस थांबू शकतात: पेरणी, छाटणी, कुंडी बदलणं, खत. हंगाम योग्य असेल, झाड वाढीवर असेल आणि त्यातला दिवस तुम्ही चंद्र बघून निवडलात, तर काही बिघडत नाही. उलट दिवस ठरलेला असला की काम राहून जात नाही. दुसरी कामं थांबू शकत नाहीत: तहान, कूज, कीड, बुरशी, मोडलेली फांदी, उन्हानं करपलेली कुंडी हलवणं. या कामांत चंद्राला मत देऊ नका. तुमच्या घरात जे काही बिघडलं ते याच दुसऱ्या गटात बिघडलं.

कुंडी बदलण्याबद्दल एवढंच सांगते की तळाच्या भोकातून मुळं बाहेर आली असतील आणि पाणी घातल्याबरोबर खालून निघून जात असेल, तर कृष्ण पक्षाची वाट बघू नका. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन ते पाच सेंटीमीटरच रुंद घ्या. फार मोठी कुंडी घेतली तर मुळं नसलेल्या मातीत ओल साचून राहते आणि पुन्हा कूज.

पौर्णिमा आणि अमावास्या यांच्यात पंधरा दिवसांचं अंतर असतं, आणि घरातल्या झाडांच्या देखभालीला ते अगदी सोयीचं आहे. पौर्णिमेला सगळ्या कुंड्या पाव वळसा फिरवा, म्हणजे एकाच बाजूला झुकणार नाहीत. ओल्या फडक्यानं पानं पुसा, धूळ गेली की पान जास्त उजेड घेतं. पुसताना पानाची मागची बाजू बघितली जाते, आणि तुमच्या जास्वंदीसारखी जाळी फुटायच्या आतच सापडते. अमावास्येला, झाड नवी पानं काढत असेल तरच, पाण्यात विरघळणारं खत बाटलीवर लिहिलेल्या निम्म्या मात्रेत द्या. वाढ थांबलेल्या थंड, अंधाऱ्या दिवसांत खत बंद. तीन-चार महिन्यांतून एकदा खताऐवजी साधं पाणी भरपूर ओता, तळातून वाहू द्या, म्हणजे मातीत साठलेले क्षार धुऊन निघतील. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल तर तो याच क्षारांचा. ‘अमावास्येला हात लावायचा नाही’ हा नियम तुम्ही उलटवताय असं वाटेल. पण माझ्या मते, झाडाला महिन्यातून एकदाही न पाहता सोडणं हेच त्याला सर्वांत महाग पडतं.

पाणी मात्र या वेळापत्रकात अजिबात बसवू नका. रोज कुंड्यांवरून नजर फिरवा, बोटानं माती बघा, कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्या. पाणी घातल्यावर ती किती जड लागते हे एकदा हाताला कळलं की पुढे बोटही घालावं लागत नाही.

आता आत्या. नवऱ्याचा तो शब्द त्यांच्यापर्यंत जाऊ देऊ नका. त्यांची बाग उत्तम आहे आणि ती त्यांनीच वाढवली आहे, यात शंका नाही. माझा अंदाज असा की त्यांच्या यशाचा मोठा भाग त्या पानांवर लिहिलेलाच नाही. जमिनीतली बाग पाण्याची चूक पोटात घेते, पाणी खाली झिरपतं, मुळं लांब जाऊन ओल शोधतात. कुंडीत पळून जायला जागा नसते. शिवाय वर्षानुवर्षं झाडांकडे रोज बघितल्यानं त्यांच्या हाताला जे कळतं, ते कळतंय हे त्यांनाही जाणवत नसेल. लिहायला बसल्यावर त्यांना नियम आठवले, कारण नियम लिहिता येतात.

म्हणून त्यांना सांगू नका, विचारा. ‘आत्या, तू माझ्या कुंड्या एकदा येऊन बघशील का? पीस लिलीला पाणी कधी घालायचं हे तू हात लावून कसं ओळखतेस ते दाखव ना.’ त्या येतील. माती चिमटीत घेऊन बघतील, कुंडी हलवून बघतील, पान उलटं करतील. त्या वेळी त्यांच्या हातांकडे बघा आणि त्या जे करतील ते लिहून ठेवा. ते पाचवं पान असू द्या आणि पहिल्या चारांच्या वर लावा. त्यांची चार पानं फेकायची गरज नाही. पेरणीचा दिवस ठरवताना ती वापरलीत हे त्यांना आवर्जून सांगा, खरंच वापरलीत तर.

आणि नवऱ्याला आणि आत्यांना एकत्र आणायचं असेल तर मुळ्याच्या बिया आणा. त्या तीन ते सात दिवसांत उगवतात आणि छोटे मुळे महिनाभरात तयार होतात. एकाच पाकिटातल्या वीस बिया शुक्ल पक्षात आणि वीस कृष्ण पक्षात पेरा, सारखीच माती, सारख्याच कुंड्या, तीच खिडकी, सारखं पाणी. आत्यांच्या नियमानं मुळा कृष्ण पक्षातला, तेव्हा तो जिंकायला हवा. किती उगवले ते सातव्या दिवशी मोजा, महिन्यानं काढून वजन करा. मोजणाऱ्याला कुठल्या पक्षातली कुंडी आहे ते कळता कामा नये. कुंड्यांवर फक्त आकडे घाला आणि कुठला आकडा कशाचा ते एका पाकिटात बंद करून ठेवा. दोन पंधरवड्यांत हवा वेगळी असते, म्हणून एका महिन्यावरून कुणीच निकाल देऊ नये. चार-पाच महिने तरी हेच करत राहा आणि पाकीट अगदी शेवटी उघडा. आकडे वहीत आत्यांच्याच हस्ताक्षरात असू द्या.